बटणांखालचा थर

मंडळाच्या हॉलमध्ये चपला बाहेर काढून जायचं असतं, हे हेमांगीला कुणी सांगितलं नव्हतं. दारातल्या टकल्या गृहस्थांनी तिच्या पायांकडे असं काही बघितलं की ती मुकाट्याने मागे फिरली आणि चपला काढून आली. आत फरशी गार होती, खिडक्या बंद होत्या आणि सडक्या मासळीचा वास येत होता.

“कंडेन्सर फुटलेत,” रमाकांत तोडकर लगबगीने पुढे येत म्हणाले. “जुन्या बोर्डांवरचे. आतलं पाणी गळालं की असाच वास मारतोय. आम्हाला आता अत्तर वाटतंय बघा, ताई.”

तोडकर हे ‘आठ बिट मित्रमंडळा’चे अध्यक्ष. कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचा लेथचा कारखाना होता. तो मुलावर सोपवून गेली दहा वर्षं ते पन्नास वर्षांपूर्वीचे घरगुती संगणक चालू ठेवण्याच्या नादाला लागले होते. २०३८ साली या नादाला चांगले दिवस आले होते. घरातली यंत्रं आता माणूस तोंड उघडायच्या आत त्याला काय हवं ते ओळखत. अशा ओळखण्याचा वीट आलेले लोक, सांगितल्याशिवाय काही म्हणजे काही न करणारे जुने ठोकळे बघायला लांबलांबून येत. इथे ते बसत, काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या चौकोनाकडे टक लावून बघत आणि उसासे टाकत.

“चला,” तोडकर म्हणाले. “अण्णा वाट बघतायत.”

हेमांगीचे बाबा, भालचंद्र उरुणकर, फेब्रुवारीत गेले होते. मंडळ त्यांना भालूअण्णा म्हणायचं. ते आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत, आणि मेलेला बोर्ड त्यांच्या हाती दिला की तो उठून बसतो अशी त्यांची ख्याती होती. पण मंडळ त्यांना मानत होतं ते एका जुन्या करामतीसाठी. १९८६ साली त्यांनी ‘तारका’ नावाचा घरगुती संगणक घेतला. वहीएवढा काळा डबा, त्यावर करड्या रबराची चाळीस बटणं. टीव्हीला जोडायचा, प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायचा. तारकेला मराठी अक्षरं ठाऊक नव्हती. बाबांनी चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर काढलं, प्रत्येकाचे आठ-आठ आकडे केले आणि असे चार हजार आकडे टाइप करून तिला मराठी लिहायला लावलं. एका मासिकात ते छापूनही आलं. ‘भालूअण्णांची बाराखडी’ म्हटलं की मंडळातली माणसं अजून कानाच्या पाळीला हात लावत.

हॉलच्या मध्यावर, काचेच्या पेटीत, ती तारका ठेवली होती. भोवती दहा-बारा खुर्च्या, त्यांवर दहा-बारा पुरुष.

“सुरू करा,” तोडकर म्हणाले.

पुण्याच्या कंपनीची तंत्रज्ञ, पल्लवी सबनीस, हिने एक कळ फिरवली. तारकेची बटणं आपोआप खाली जायला लागली. एक, मग दुसरं, मग तिसरं. शेजारच्या टीव्हीवर आकडे उमटू लागले. खाली छोटे लोहचुंबक बसवले असणार, हे हेमांगीला दिसत होतं. तरीही कुणीतरी अदृश्य माणूस समोर बसून टाइप करतोय असंच वाटत होतं. तो अडखळत होता, थांबत होता, पुन्हा सुरू करत होता. एका जागी तो बराच वेळ थांबला. खुर्च्यांवरची माणसं पुढे झुकली. आणि मग सातचं बटण तीनदा, जोरात, खाली गेलं.

ठक्. ठक्. ठक्.

“आले!” कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्यांनी एकदम आपापल्या गुडघ्यावर तीनदा थाप मारली. एकाने तर डोळे पुसले.

“तीन ठोके,” तोडकर कौतुकाने कुजबुजले. “चूक झाली की अण्णा बरोबर बटण तीनदा ठोकायचे. स्वतःलाच शिक्षा! काय जिद्द असेल, सांगा. आमच्यातल्या अर्ध्या लोकांना आता तीच सवय लागलीय.”

मंडळ ज्याला अण्णांचा ‘हात’ म्हणत होतं तो कसा तयार होतो ते पल्लवीने तिला समजावून सांगितलं. रबरी बटणाखाली प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो, त्यावर कार्बनचे ठिपके. बटण दाबलं की ठिपका ठिपक्याला टेकतो आणि कणभर झिजतो. त्याच वेळी बोटाचा घाम, तेल, कातडीचा कोंडा बटणाच्या कडेने आत उतरतो. वर्षानुवर्षं हा मळ साचत जातो, नदीच्या तळाशी गाळाचे थर बसावेत तसा. थरवाचक हे यंत्र मुळात ताडपत्रांवरची पुसट शाई वाचायला निघालं. ते प्रकाशाच्या सुईने केसाच्या शंभराव्या हिश्शाइतका एकेक थर उडवतं आणि उडालेल्या वाफेत काय काय आहे ते मोजतं. मीठ, चरबी, चहातलं कॅफीन, माणूस ताणाखाली असला की घामात वाढणारं कॉर्टिसोल. झिजेवरून जोर कळतो. थरांचा क्रम आणि तारखा घातलेल्या कॅसेटींचा क्रम जुळवला की कुठलं बटण कधी, किती जोराने, कशा मनःस्थितीत दाबलं होतं त्याचा अंदाज बांधता येतो. असे लाखो अंदाज एकत्र केले की त्यातून एका माणसाची टाइप करण्याची लकब जशीच्या तशी उभी राहते.

“फक्त जनुकं वाचायला कायद्याने बंदी आहे,” पल्लवी म्हणाली. “बाकी सगळं वाचता येतं. पण एकदा वाचलेला थर जळून जातो. म्हणून आत्ता आम्ही पंधराच बटणं वाचलीत. उरलेल्या पंचवीसांसाठी तुमची सही हवी.”

“म्हणून तर धुवायचं नसतं,” तोडकर म्हणाले. “आधी आम्ही येडे, मशीन आलं की ब्रशने घासून लख्ख करायचो. किती माणसं वाहून गेली असतील गटारात! आता बघा.” त्यांनी भिंतीलगतच्या मांडणीकडे बोट दाखवलं. तिथे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत डझनभर संगणक होते, प्रत्येकावर चिठ्ठी: ‘न पुसलेला’. एका पिशवीतल्या बटणांच्या फटींत तपकिरी चिकट काहीतरी भरलं होतं. शेजारी काचेच्या डबीत नखाचा तुकडा होता.

“नख मोरेसरांच्या वडिलांचं. बोर्डाखाली सापडलं,” टकले गृहस्थ अभिमानाने म्हणाले. तेच मोरेसर होते.

मग तोडकरांनी तिच्यापुढे एक पातळ करडा हातमोजा धरला. “घाला. नुसतं बघून काय कळणार? आत हात घातला की अण्णांचा हात तुमच्या हातात.”

मोजा आतून कोमट आणि ओलसर होता. कुणीतरी आत्ताच काढला होता. हेमांगीने श्वास रोखून तो चढवला. क्षणभर काही झालं नाही. मग तिची तर्जनी कुणीतरी आतून हलकेच उचलली, पुढे नेली, ठेवली. परत उचलली. बोटं छोट्या छोट्या उड्या मारत होती. बाबांचा हात तिला इतका हलका आठवत नव्हता. पण त्यांना टाइप करताना तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिला कळायला लागल्यापासून ते फक्त दुरुस्त्या करत. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी आपल्याला हात लावला, असं तिच्या मनात आलं. पुढे आला तो उमाळा होता की ओकारी, ते तिला सांगता आलं नसतं.

“खंडेनवमीला हात अर्पण करायचाय,” तोडकर म्हणाले. “बारा दिवस राहिले. त्या दिवशी तुम्ही सही केली की उरलेली बटणं वाचून पुरा हात होईल. जगभरातून तीनशे बारा सभासदांनी मोजे मागवलेत. अण्णा मरत नाहीत आता.”

तिने मोजा काढला. हात कशाला पुसावा ते तिला सुचेना. “मला अहवाल द्या,” ती म्हणाली. “आकडे बघितल्याशिवाय मी कशावरच सही करत नाही.”

•

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. कुमुद उरुणकर, वय शहात्तर, पाठ ताठ.

“बाबांचा हात बघून आले,” हेमांगी म्हणाली.

“मी बघितलाय तो. चोपन्न वर्षं.”

“आई, प्लीज.”

“काय प्लीज? हात धू आधी. कसला वास येतोय तुला?”

हेमांगीने हात धुतले, दोनदा. आईचा हा कोरडेपणा तिला आठ महिने सलत होता. बाबा गेल्यावर आई रडली नव्हती. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी तिने टेम्पो बोलावून बाबांची सगळी यंत्रं मंडळाला देऊन टाकली. बाबांची खोली झाडून घेतली, फिनाइलने पुसली, आणि संध्याकाळी जेवायला बसली तेव्हा दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. हे हेमांगीने बघितलं होतं आणि मनात ठेवलं होतं. म्हणूनच पहिल्या पंधरा बटणांसाठी तोडकरांनी विचारलं तेव्हा तिने वारस म्हणून परस्पर सही करून टाकली होती. आईला विचारून काय मिळणार होतं? खांदे उडवले असते.

“तुला घालून बघायचाय का मोजा? तोडकरकाका घरी आणून देतो म्हणाले.”

“नको गं बाई. लोकांचा घाम.” आईने मेथीची जुडी सोडली. “कुठला म्हणे कॉम्प्युटर?”

“तारका.”

“ती रबरी बटणांची?”

“हो. त्यातूनच तर काढलाय हात. बाराखडीचे आकडे टाइप करतो. चूक झाली की बटण तीनदा ठोकतो. सगळे टाळ्या पिटतात.”

आईचे हात थांबले. तिने हातातली काडी बघितली, पानांच्या ढिगात टाकली, मग लक्षात येऊन परत वेचून काढली.

“टाळ्या पिटतात?” तिने विचारलं.

“गुडघ्यावर. तीनदा. त्यांच्याबरोबर.”

“अस्सं,” आई म्हणाली, आणि ताट घेऊन उठली.

•

हेमांगी एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत होती. गेली सत्तावीस वर्षं तिच्या टेबलावरून दुधाचे नमुने जात होते, आणि त्यातलं निम्मं काम एकाच प्रश्नाचं होतं: म्हैस गाभण आहे की नाही? त्यासाठी दुधातलं प्रोजेस्टेरॉन मोजतात. गर्भ राहिला की हे संप्रेरक वाढतं, दिवस भरेपर्यंत चढंच राहतं आणि विण्याच्या वेळेला कोसळतं. डॉक्टर म्हशीला हात लावायच्या आधी हेमांगीला आकड्यांवरून कळत असे. खेड्यापाड्यांतले गवळी तिला ‘रेडकाच्या बाई’ म्हणत.

अहवाल सत्तर पानांचा होता. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ती तो वाचायला लागली. पहिली वीस पानं मिठाची आणि चरबीची होती. मग कॉर्टिसोलचा आलेख. प्रत्येक ‘तीन ठोक्यां’च्या आधी कॉर्टिसोल उंच चढलेलं होतं. समासात लिहिलं होतं: ‘निर्मितीची उत्कट अवस्था’.

एकावन्नाव्या पानावर ‘गाळलेली माहिती’ असं शीर्षक होतं. तिथे एक आलेख अगदी छोटा करून छापला होता. पदार्थ: प्रोजेस्टेरॉन. शेरा: ‘अनपेक्षित. बाहेरून मिसळलेलं असावं, बहुधा दुधातून. प्रदूषण समजून हाताच्या गणितातून वगळलं.’

तिने तो मोठा केला. रेघ १९८७ च्या मे महिन्यात चढायला लागली होती. जून, जुलै, ऑगस्ट. सगळा पावसाळा, दसरा, दिवाळी, रेघ चढतच होती. १९८८ च्या जानेवारीत, तिसऱ्या आठवड्यात, ती कड्यावरून पडावी तशी सरळ खाली आली होती. त्यानंतर बटणांना फारसा कुणाचा हात लागलेला नव्हता.

असा आलेख तिने हजारो वेळा बघितला होता. पाळीव जनावरांचा. खाली तारीख नसती तरी तिने तो ओळखला असता. पण तारीख होती, आणि हेमांगीचा जन्म एकोणीस जानेवारी अठ्ठ्याऐंशीचा होता.

आपण पोटात होतो, असं तिच्या मनात आलं. त्या मळात आपण आहोत. आणि कुणीतरी आपल्याला प्रदूषण म्हणून काढून टाकलंय.

तिने तोडकरांना फोन लावला.

“काका, हा हात बाबांचाच आहे हे कसं ठरवलंत?”

“म्हणजे काय, ताई? मशीन कुणाचं होतं?”

“मशीन बाबांचं होतं. टाइप कुणी केलं हे तपासलंत का?”

तोडकर हसले. “काय ओ ताई, त्या काळात बायामाणसं कुठं कॉम्प्युटरला हात लावत होती? घरात टाइप करणार एक तर बाप्या, नाहीतर पोरगा. अण्णांना पोरगा नव्हता.”

तिने डबा तसाच बंद केला. भाजीचा वास तिला सहन होत नव्हता.

•

“तूच टाइप करायचीस,” ती घरात शिरता शिरता म्हणाली.

आई वर्तमानपत्र वाचत होती. तिने चष्मा काढला. “बस. चहा टाकू?”

“आई.”

“अगं, बस तर खरं.” तिने वर्तमानपत्राची घडी घातली. “मीच करायचे. हे शेजारी कागद घेऊन बसायचे आणि आकडे सांगायचे. एकशे सव्वीस, चोवीस, चोवीस, शून्य. बँकेतून पावणेसहाला यायचे मी. हे चहा पिऊन तयारच असायचे. स्वयंपाकाआधी दोन तास बसवायचे. म्हणाले, तुला टायपिंगची परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट आहे, माझं एक बोट चालतं. खरंच होतं ते.”

“मग मासिकात फक्त त्यांचं नाव...”

“नावाचं काय घेऊन बसलीस? अक्षरं यांनीच काढली होती. सुंदर काढली होती. ‘श’ तर असा काढला होता की बघत राहावं.” तिने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. “नावासाठी मी काही म्हणत नाही.”

“मग?”

“एक आकडा चुकला की सगळं अक्षर वाकडं यायचं. कधी लाइट जायचे आणि सगळंच जायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. मला पाठ धरायची, पाय सुजायचे, सहावा-सातवा महिना. बोट घसरायचं. यांनी कधी आवाज चढवला नाही हो. शिवी नाही, मारणं नाही. फक्त माझं बोट धरायचे.” आईने आपल्या उजव्या हाताची तर्जनी डाव्या मुठीत धरून दाखवली. “असं. आणि बरोबर बटणावर ठोकायचे. तीनदा. म्हणायचे, बोटाच्या लक्षात राहिलं पाहिजे. डोक्याच्या भरवशावर राहू नये.”

हेमांगीने त्या बोटाकडे बघितलं.

“नख काळं पडायचं,” आई म्हणाली. “बँकेत विचारायचे, काय झालं उरुणकर मॅडम? दारात सापडलं म्हणायचे. आणि शेजारी बसून यांनी श्वास ओढला ना, की मला कळायचं चूक झाली म्हणून. पडद्यावर दिसायच्या आत कळायचं. हात गार पडायचे. तू आत लाथा मारायचीस.”

“तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“काय सांगू? तुझ्या सायकलची चेन बसवणारा बाप होता तो तुझा. तुझ्या तापाच्या रात्री जागायचा. ते काय खोटं होतं? तू झाल्यावर बाराखडी संपली, यांचं वेडही उतरलं. परत कधी बोटाला हात लावला नाही. मीही त्या खोलीत पाय ठेवला नाही.” तिने चष्मा परत लावला. “त्यांना तुझ्या बाबांचा हात हवाय ना? तर ते तीन ठोके तेवढे त्यांचे आहेत. बाकी सगळी मी.”

हेमांगी उठून बेसिनपाशी गेली आणि तिथे ओणवी उभी राहिली. काही आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे ते दहा-बारा पुरुष होते, गुडघ्यावर थाप मारणारे, डोळे पुसणारे. तिच्या आईचा भीतीने आलेला घाम मोज्यात भरून ते हात घालत होते आणि बाहेर काढून ‘वा’ म्हणत होते. तिनेही घातला होता. आणि तिला तो बाबांचा प्रेमाचा हात वाटला होता.

“खंडेनवमीला मी येते तुझ्याबरोबर,” आई मागून म्हणाली.

•

खंडेनवमीला उद्यमनगरात प्रत्येक लेथला, प्रत्येक ड्रिलला झेंडूची माळ पडते. मंडळाच्या हॉलमध्ये चोवीस संगणकांना माळा होत्या. तारकेची काचेची पेटी उघडली होती. वर हळद-कुंकू मात्र वाहिलं नव्हतं. थरात मिसळलं असतं. गंध शेजारच्या टीव्हीला लावलं होतं.

“वहिनी आल्या!” तोडकरांनी वाकून आईला नमस्कार केला. “आज अण्णा असते तर...”

“रमाकांतराव, हिला काहीतरी सांगायचंय तुम्हा सगळ्यांना,” आई म्हणाली.

हेमांगीने सांगितलं. अहवालाचं एकावन्नावं पान तिने मोठं करून आणलं होतं. दूध संघात शेतकऱ्यांना समजावते त्याच आवाजात तिने आलेख समजावला, मे ते जानेवारी. मग आईचं टायपिंग, बाबांचं आकडे सांगणं, आणि तीन ठोके. ते सांगताना तिचा आवाज बारीक झाला, पण तिने ते गाळलं नाही.

पल्लवीने कागद हातात घेतला, बघितला, आणि तिच्या कानशिलांवर लाली चढली. “मीच गाळलं होतं हे,” ती म्हणाली. “मला वाटलं... कुणीतरी दूध सांडलं असेल.”

पहिले तोडकरच सावरले. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

“पण मग हे तर लई भारी झालं!” ते म्हणाले. “जोडीनं केलेलं काम! नवरा-बायकोचे दोन हात एका थरात. असं जगात कुठंच नसेल. मोरेसर, काय म्हणता?”

“आणि गरोदरपण पण आहे त्यात,” मोरेसर म्हणाले. “म्हणजे तिघं झाले. ते गाळलेलं परत घालता येईल ना, मॅडम?”

“मोज्यात कळेल का हो ते?” मागून कुणीतरी विचारलं. “पोटातलं?”

“वहिनी, तुमचं नाव वर घालतो,” तोडकर आईपुढे हात जोडून उभे राहिले. “अण्णांच्या वर. आमचं चुकलं. पण हे ठेवा जतन करून. आणि ते ठोके, बघा, त्या काळची शिकवायची पद्धतच ती. आमच्या गुरुजींनी मला काय कमी ठोकलंय? आज त्याचंच बरं वाटतंय.”

आईने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. रागाने नाही, बाजारात नासलेलं फळ उचलून बघावं आणि खाली ठेवावं, तसं.

“पल्लवी ना तुझं नाव?” तिने विचारलं. “मेलेल्या माणसाची परवानगी वारस देतो. जिवंत माणसाची कोण देतं?”

“तो स्वतः,” पल्लवी म्हणाली. “दुसरं कुणी देऊ शकत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर वाचलेली पंधरा बटणंही आजच्या आज पुसावी लागतील मला.”

“मी नाही म्हणते.”

“वहिनी!”

“आणि तारका परत द्या. ती मी न बघता दिली होती असं समजा.” आईने पेटीत हात घातला आणि तारका उचलली. तिच्या उघड्या हाताचा स्पर्श झालेला बघून दोन-तीन माणसांच्या तोंडून आवाज निघाला. “नळ कुठंय?”

नळ मागच्या अंगणात होता. हेमांगीने खिशातल्या छोट्या पेचकसाने तारकेचं झाकण उघडलं. रबराची अख्खी चटई, चाळीस बटणांची, सोलल्यासारखी तिच्या हातात आली. खालचा पडदा तिने वेगळा केला. बटणांच्या खालच्या अंगाला करडा-पिवळा मेणकट लेप होता. ऊन लागलं तसा त्याला वास सुटला, उशीच्या जुन्या अभ्र्यासारखा. माणसाचा वास.

आईने तिथेच पडलेला भांडी घासायचा साबण तिच्यापुढे सरकवला.

तोडकर दारात उभे होते, मागे सगळे. “ताई,” ते रडवेल्या आवाजात म्हणाले, “तुमचे बाबा आहेत त्यात. तेवढेच उरलेत. विचार करा.”

तिने विचार केला. ते खोटं बोलत नव्हते. घरातली खोली फिनाइलने पुसलेली होती, कपडे वाटून झाले होते, दशक्रियेला अस्थी नदीत गेल्या होत्या. बाबांनी ज्याला जोराने हात लावला असं जगात आता हे एवढंच होतं. सातच्या बटणाखाली, नऊच्या बटणाखाली, आईच्या बोटावरून दाबलेलं. चमचाभरही नसेल. सायकलच्या चेनचं तेल लागलेला हात यात नव्हता. तापात कपाळावर ठेवलेला हात यात नव्हता. ते कुठल्याच थरात बसलं नव्हतं आणि कुठलंही यंत्र ते वाचणार नव्हतं.

तिला बाबांची फार आठवण आली. ती नळापाशी उकिडवी बसली आणि चटई पाण्याखाली धरली.

लेप सहज सुटेना. तिने अंगठ्याने चोळला, मग नखाने खरवडला. बोटांना तो बुळबुळीत लागत होता, नखांत भरत होता. किळस मानेपर्यंत चढली. आपल्या आईची, आपल्या बापाची, आपली स्वतःची. ती चोळत राहिली. पाणी आधी काळं आलं, मग मातकट, फेसाबरोबर फरशीवरून वळत मोरीकडे गेलं. दारातल्या माणसांपैकी कुणीतरी मोठ्याने हुंदका दिला. आईने मागे वळूनही बघितलं नाही. ती पदर खोचून शेजारी उभी होती, आणि तिचं लक्ष फक्त बटणांच्या कडांकडे होतं.

“झालं?” थोड्या वेळाने तिने विचारलं.

“अजून थोडं आहे,” हेमांगी म्हणाली आणि पुन्हा साबण घेतला.